घरची ओळ शेवटी

माझ्या मुलाचा आवाज त्याच्या बायकोपर्यंत पोचू नये, अशी व्यवस्था मी स्वतःच्या हातानं केली, आणि ती केल्यावर काही आठवडे मी स्वतःवर खूश होतो. दोन्ही गोष्टींची मला अजून लाज वाटते. दुसरीची जरा जास्तच.

मुलगा सैन्यात आहे. लग्नाची सुट्टी संपवून तो परत गेला तो थेट वरच्या एका चौकीवर. तिथं मोबाईलला रेंज नाही. चौकीतल्या नेटवरून दुपारी जेवणाच्या सुमाराला थोडा वेळ फोन लावता यायचा, तेवढंच. आणि त्या वेळी आमची सून माझ्याच अभ्यासिकेत, माझ्याच नेटवर, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असायची.

माझा स्वभाव आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला वाईट फार लवकर वाटतं. मुलाच्या भरतीचा ऑनलाइन फॉर्म माझ्याच दुकानात मी भरला होता. शेवटचं बटण मी दाबलं, म्हणून तो थंडीत उभा आहे, असं मला कित्येक दिवस वाटत होतं. बायको म्हणाली, "त्यानं सांगितलं म्हणून दाबलं न्हवं? तुमाला वाईट वाटायला काय बी पुरतं. दूध उतू गेलं तरी गुन्हेगार तुमीच."

तहसीलजवळचं ते फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान मी पुढं पुतण्याकडं दिलं आणि तासगावच्या आमच्या जुन्या बेदाण्याच्या गोदामात अभ्यासिका काढली. भावांनी शेतातच नवी शेड बांधल्यामुळं गोदाम रिकामं पडलं होतं. जाड भिंती, उंच छत, उन्हाळ्यात गारवा. भिंतीतून गंधकाच्या धुरीचा वास अजून येतो. पोरं म्हणतात, काका, ह्या वासानं झोप येत न्हाई, बरं हाय. पोलीस भरतीची, तलाठ्याची, बँकेची तयारी करणारी पोरंपोरी सकाळपासून येऊन बसतात. एकच अडचण होती. गोदाम ओढ्याच्या काठाला, खोलगटात आहे. आत मोबाईलला रेंज म्हणून नाही. चढ चढून रस्त्यावर गेलं की रेंज येते, पण तिथं चहाची टपरी, ट्रॅक्टर आणि बेदाण्याचे दलाल. मुली तिथं जाऊन उभ्या राहत नाहीत.

म्हणून मी नेट घेतलं. आणि नेट आल्यावर आठवड्याभरात सराव परीक्षा चालेनाशा झाल्या. चार पोरं प्रश्न सोडवायची आणि बाकीची कुस्तीचे, बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ बघायची. मी कुणाला काही बोलू शकत नव्हतो. मला नाही म्हणता येत नाही. कुणी पासवर्ड मागितला की ताक मागितल्यासारखं मी देऊन टाकायचो. शेजारच्या गॅरेजवाल्याला दिला, दूधवाल्याच्या पोराला दिला. शेवटी अभ्यास करणाऱ्यांतलीच एक मुलगी वैतागून म्हणाली, "काका, तुमी कायतरी शिका की ह्यातलं. तुमच्यानं न्हाई म्हणवत न्हाई, तर यंत्राला म्हणू द्या."

ते मला पटलं. मी सांगलीला शिकायला जाऊ लागलो.

हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्यांचं एक दुकान आहे. भरती झालेल्या पोरांसाठी काळ्या ट्रंका तिथं मिळतात; आमच्या मुलाची ट्रंक तिथलीच. दुकानदारांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी परतला होता आणि दुकानाच्या वरच्या खोलीत नेटवर्किंगचा वर्ग घ्यायचा. वयानं माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. मी त्याला सर म्हणायचो आणि तो मला काका. खाली वडिलांची पत्र्यावर ठोकाठोकी चालू, वर आमचा अभ्यास. मोठ्यानं बोलायची त्याला इतकी सवय झाली होती, की शुक्रवारी दुपारी दुकान बंद असलं तरी तो ओरडूनच शिकवायचा.

पहिले काही दिवस केबल करण्यात गेले. केबलमधल्या आठ बारीक तारा उलगडायच्या, सरळ करायच्या, रंगाच्या ठरलेल्या क्रमानं लावायच्या, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी असं, आणि प्लगमध्ये सरकवून चिमट्यानं दाबायच्या. माझा चष्मा आणि त्या तारा यांचं जमायला वेळ लागला. पण जमल्यावर मला त्यात फार आनंद वाटू लागला. घरी बसून मी बायकोला एक केबल करून दाखवली. ती म्हणाली, "छान झालंय. आता ह्याच हातानं माझ्या पोलक्याचं हुक लावून द्या."

मग फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारातला पहारेकरी. सरांनी सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"काका, नेटवर जे काय जातं ना, व्हिडिओ असू दे, चिठ्ठी असू दे, आवाज असू दे, त्याचे बारके बारके तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात. पाकिटावर लिहिलेलं असतं, कुठनं निघालं, कुठं चाललं, कुठल्या दारानं जाणार. आपलं यंत्र मधे उभं राहतं आणि फक्त ते वरचं वाचतं. आत काय हाय ते ह्याला वाचता येत न्हाई, आणि वाचायचं बी न्हाई. वरचं बघायचं, आपल्या नियमांच्या ओळी वरनं खाली वाचायच्या. जी ओळ आधी जुळंल, तिचं ऐकायचं. सोड म्हणली तर सोडायचं, अडव म्हणली तर अडवायचं. मग पुढच्या ओळी बघायच्याच न्हाईत."

"आणि कुठलीच जुळली न्हाई तर?"

"म्हणून शेवटच्या ओळीत लिहायचं, बाकी सगळं बंद."

बाकी सगळं बंद. ही ओळ लिहिताना माझा हात अडखळायचा. आमच्या घराचं पुढचं दार दिवसा कधी लावत नाहीत. अनोळखी माणूस आला तरी आधी गूळ-पाणी आणि मग कुठलं गाव म्हणून विचारणं. कोण, कुठला हे कळायच्या आधीच बाहेर ठेवायचं, हे मला उद्धटपणाचं वाटायचं. सरांना मी तसं म्हणालोही. ते हसले. "काका, तुमी नियम लिहिताय, पाव्हण्याला हाकलत न्हाई."

पहिल्या दिवशी मी स्वतःलाच हाकललं. वर्गाच्या एका कोपऱ्यात फायरवॉलचा जुना संगणक आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या संगणकावरून त्याला हुकूम द्यायचे, असा सराव होता. मी ठरवलं, आधी सगळं बंद करावं आणि मग शांतपणे एकेक उघडावं. सगळं बंद अशी ओळ लिहिली, बटण दाबलं. पडदा जागच्या जागी थांबला. मी दाबतोय, काही होत नाही.

"काय केलं काका?"

"सगळं बंद केलं. आता एकेक उघडतो."

"उघडणार कुठनं? तुमी सुद्धा भाईरच हाय की."

वर्गातली पोरं हसली, मीही हसलो. मग सर उठले, कोपऱ्यातल्या संगणकापाशी जाऊन बसले आणि त्यांनी मला आत घेतलं. तेव्हापासून मी कुठलीही ओळ लिहिण्याआधी आपण स्वतः कुठं उभे आहोत ते बघतो. निदान बघायचा प्रयत्न करतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला गोदामातलं जाळं तयार झालं. एका जुन्या संगणकात दोन जोडण्या बसवल्या. एका बाजूनं बाहेरचं नेट आत यायचं, दुसऱ्या बाजूनं ते सगळ्या टेबलांकडं आणि मोबाईलसाठीच्या वायफायकडं जायचं, आणि मधे माझ्या ओळी. भिंतीवरून केबली मी स्वतः ओढल्या, खिळे मी ठोकले. सगळ्या केबली येऊन जोडतात तो स्विच दाराजवळच्या फळीवर ठेवला. तो तापतो म्हणून त्याच्यावर एक टेबलफॅन लावला. फॅनचा आवाज मोठा होता. त्याच्या शेजारची खुर्ची कुणालाच नको होती, म्हणून ती मी सुनेला दिली.

असं का केलं ते सांगतो. आमच्याकडं घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. मुलाच्या लग्नात मी जेवायला बसलो तेव्हा बुंदी संपली होती आणि आमटी तळाला गेली होती. त्यात आम्हाला समाधान असतं. अभ्यासिकेत सून आली तर तिला चांगली, खिडकीजवळची जागा दिली, असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिला फॅनची जागा दिली. कानात कापसाचे बोळे घालून ती तिथं बसायची.

ती फलटणकडची आहे. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्ती. घरात ती माझ्याशी नीट बोलते. मामा, चहा ठेवू का. मामा, लाईट गेली. पण तिच्या नवऱ्याचा विषय आमच्या दोघांत निघत नाही. तिनं काढायचा नाही आणि मी विचारायचा नाही. मुलाची खुशाली ती आत्तीला सांगते आणि आत्ती मला. अभ्यासिकेत तर ती मला कुठलीच हाक मारायची नाही. काका म्हणणं तिला बरं वाटत नसावं आणि मामा म्हटलं तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या.

दुपारी जेवणाच्या वेळी ती मागच्या बाजूच्या माठाच्या खोलीत जायची. मला वाटायचं, डबा खायला जाते. ती नवऱ्याशी बोलायला जात होती. घरी रेंज फक्त गच्चीवर आणि शेजारच्या गच्चीवर भावकीतल्या बायका दुपारभर बसलेल्या. एवढ्या मोठ्या तालुक्यात त्या दोघांना बोलायला माठाची खोली तेवढी होती, आणि ती माझ्या नेटवर होती. हे मला पुढं कळलं.

आता मी काय केलं ते. पाकिटांच्या मुख्य दोन जाती असतात. एक जात पोच मागणारी. पाकीट पोचलं का, असं विचारून, नसेल पोचलं तर परत पाठवणारी. चिठ्ठ्या, पानं, फॉर्म असे जातात. दुसरी जात पोच न मागणारी. एकदा पाठवलं की पाठवलं. खेळ ह्या जातीवर चालतात, पुष्कळसे व्हिडिओ चालतात. मी वही उघडून विचार केला आणि ठरवलं, पोच न मागणारी जात सगळीच अडवायची. फक्त साइटचे पत्ते शोधायला जेवढी लागते तेवढी सोडायची. ती ओळ लिहिली आणि सराव परीक्षा तुपासारख्या चालायला लागल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्या मुलीनं मला शिकायला सांगितलं होतं ती म्हणाली, "काका, आता तुमी खरं काका."

बोलण्यातला आवाजसुद्धा ह्याच जातीनं जातो, हे सर वर्गात सांगून गेले होते. आवाजाला पोच मागून चालत नाही, उशिरा पोचलेला शब्द काय कामाचा, असं काहीतरी. ते मी लिहूनही घेतलं होतं. पण लिहून घेतलेलं माणसाला वेळेवर आठवतंच असं नाही.

यंत्रात प्रत्येक ओळीपुढं एक आकडा दिसतो, त्या ओळीनं किती पाकिटं पकडली त्याचा. मला तो आकडा बघायचा नादच लागला. रोज दुपारी माझ्या अडवायच्या ओळीचा आकडा उड्या मारायचा. खोलात जाऊन पाहिलं तर सगळी पाकिटं एकाच फोनची. फोन कुणाचा ते कळत नव्हतं, त्याचा यंत्रातला पत्ता तेवढा दिसायचा. मी मनात म्हटलं, कुणीतरी गेम खेळायला बघतंय. आणि एका सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून बोललो, "दुपारी कुणाच्या तरी मोबाईलवर खेळ लावायची खटपट चालती. त्यानं उगं दमू नये. मी हितं बसलोय."

मागून एक पोरगा म्हणाला, "काका आता बॉर्डरवर उभं हायती."

सगळे हसले. सून फॅनशेजारी पुस्तकात मान घालून बसली होती. तिची मान वर आली नाही, एवढं मला आठवतं. तेव्हा ते दिसलं होतं, पण त्याचं मी काही केलं नाही.

पुढं आठवड्याभरानं, संध्याकाळी, बायको अंगणात घरापुरता बेदाणा निवडत बसली होती. सुपातल्या काड्या काढता काढता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं, पोरगं रुसलंय."

"कुणावर?"

"बायकोवर. आन कुणावर रुसंल त्यो? म्हंतोय, मी फोन लावला की ती उचलती आन कापती. रोजचं. मला लिवलंय, आई, तिच्या मनात काय हाय ते जरा इचार."

"मग इचारलंस?"

"इचारलं. रडाय लागली. म्हंती, मी कापत न्हाई आत्ती. घंटी वाजती, मी उचलते, नुसतं चाक फिरतंय आन बंद हुतंय. त्यास्नी तसं लिवलं बी, पर पटत न्हाई."

मी ओट्यावर बसलो. चाक फिरतंय आणि बंद होतंय. घंटी वाजल्याची खबर पोच मागणाऱ्या जातीनं येते. ती येत होती. आवाज दुसऱ्या जातीनं येतो. तो माझ्यापाशी मरत होता. मला सगळं एकदम दिसलं. तरी मी विचारलं, "कवापासनं?"

बायकोनं चष्म्याच्या वरून बघितलं. "तुमी त्ये यंत्र बसवल्यापासनं."

"मग मला सांगायचं की तिनं."

"काय सांगंल ती? मामा, माझ्या नवऱ्याचा फोन सोडा, असं? तुमच्या तोंडावर?"

"तू सांगायचंस."

"मी निघालेच हुते. तर माझा हात धरला तिनं. नगा सांगू म्हणली, मामांना लय वाईट वाटंल." बायकोनं सूप खाली ठेवलं. "येऊन वरीस झालं न्हाई, तर तिला बी तुमचं दुखणं ठाऊक झालंय."

मला खरंच लय वाईट वाटलं. सैन्यातल्या माणसाचा फोन आमच्या भागात कुणी अडवत नाही. एसटीत कुणी म्हटलं, पोराचा फोन आलाय बॉर्डरवरनं, तर आख्खी गाडी गप्प होते. आणि मी माझ्याच पोराचा आवाज दारात अडवून त्याचे आकडे मोजत होतो.

"अजून हाय," बायको म्हणाली. "परवा सकाळी त्यो म्होरल्या चौकीवर चाललाय. तिथनं कायच लागत न्हाई म्हणं. म्हैना म्हणू नगा, दोन म्हैने म्हणू नगा. उद्याची दुपार तेवढी हाय. असंच रुसून गेला तर त्यो तिकडं आन ही हिकडं, कशी ऱ्हातील?"

"उद्या लागंल फोन," मी म्हणालो.

"त्ये यंत्र बंदच करा की उद्या."

ते करता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अभ्यासिकेत सगळ्यांची ऑनलाइन सराव परीक्षा होती. पोरं महिनाभर त्यासाठी बसली होती. यंत्र काढलं की सगळ्यांचे फोन परत नेट ओढायला लागणार आणि परीक्षा मधेच लटकणार. मी सरांना फोन लावला. मागं पत्र्याची ठोकाठोकी चालूच होती. सगळं सांगायला मला जड गेलं, पण सांगितलं.

"एवढंच ना काका? त्या एका फोनला सोडा. एक ओळ लिहा. फोनचा पत्ता तुमच्याकडं आलेलाच हाय."

"पण सर, बरं दिसंल का? सगळ्यांना बंद आन घरच्याला चालू?"

"काका, तुमच्या पोराची ट्रंक माझ्या वडलांनी केलीय. त्याच्यासाठी एक ओळ लिहायला तुमी मला इचारताय?"

मी गोदामात गेलो आणि ओळ लिहिली. ह्या पत्त्याच्या फोनची पोच न मागणारी पाकिटं सोड. लिहून झाल्यावर दोनदा तपासली. पत्ता बरोबर, जात बरोबर. आणि ती मी सगळ्यांत खाली ठेवली. सगळ्या पोरांच्या ओळींनंतर, बाकी सगळं बंद ह्याच्याही खाली. मला नियम ठाऊक नव्हता असं नाही. ओळी वरून खाली वाचल्या जातात, हे मी आल्यागेल्याला समजावून सांगत होतो. पण हात आपोआप तळाला गेला. घरचं आहे, शेवटी बसू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा सुरू झाली. गोदामात माऊसची टिकटिक आणि फॅनची घरघर, एवढाच आवाज होता. सून परीक्षेला बसली नव्हती. ती पाण्याची बाटली घेऊन उठली आणि माठाच्या खोलीत गेली. मी पडद्याकडं बघत बसलो.

थोड्या वेळानं आकडा हलला. पण माझ्या नव्या ओळीचा नव्हे. वरच्या अडवायच्या ओळीचा आकडा उड्या मारायला लागला आणि थांबला. म्हणजे घंटी वाजली, तिनं उचललं, चाक फिरलं, बंद झालं. नव्या ओळीपुढं शून्य. मला कळेना. पत्ता परत तपासला. तेवढ्यात वरच्या ओळीचा आकडा पुन्हा धावला आणि पुन्हा थांबला. खाली शून्यच.

तेव्हा मला पंगत दिसली. पाकीट वरून एकेक ओळ बघत येत होतं, अडव म्हणणारी ओळ वाटेतच भेटत होती आणि तिथंच ते संपत होतं. खाली बसलेल्या माझ्या ओळीपर्यंत काही पोचतच नव्हतं. आणि पोचणार कधीच नव्हतं. लग्नात निदान आमटी तरी उरली होती.

तिसऱ्यांदा तो लावेल का, हे मला ठाऊक नव्हतं. घाईत मी काहीतरी चुकीचं पुसलं असतं तर सगळ्या पोरांची परीक्षा बुडाली असती. मी हात मांडीवर ठेवले, आपण स्वतः कुठं उभे आहोत ते आधी बघितलं. मग ती ओळ तळातून उचलली आणि सगळ्यांत वर, पहिली म्हणून ठेवली. घरच्या माणसाला पहिल्या पानावर बसवायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

ओळ बसली, पण हे तिला कसं कळणार? तिनं दोनदा उचलून बघितलं होतं. कदाचित फोन बाजूला ठेवूनही दिला असेल. मी उठलो. पोरं पडद्यांत गुंतलेली. माठाच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी दाराशी पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभा राहिलो.

"परत लाव," मी हळू म्हणालो. "आता लागंल."

मी कॅलेंडरचं दुमडलेलं पान सरळ केलं.

"माझी चूक हुती. ओळ खाली लिवली हुती, आता वर घेतलीय." मग जे आम्ही दोघं कधीच बोलत नाही ते मी बोललो. "त्याला म्हणावं, ती कापत नव्हती. मामा कापत हुते."

आत बांगड्या वाजल्या. मग फोन लावल्याचा बारीक आवाज. मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. दोन महिन्यांत मीही त्याचा आवाज ऐकला नव्हता. मग तो आला, अगदी माझ्या मागं हातभर अंतरावर, जरा रागातला, जरा घाबरलेला. "हॅलो? आयकू येतंय का?"

येत होतं. मी परत जागेवर येऊन बसलो.

पडद्यावर पहिल्या ओळीपुढचं शून्य गेलं होतं. आकडा चढत होता, थांबत नव्हता. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं; पाकिटं येत होती, पाकिटं जात होती. मधेच थोडा वेळ आकडा सावकाश झाला, तेव्हा कुणीतरी रडत असावं किंवा दोघं गप्प असावीत, असा मी आपला अंदाज केला आणि अंदाज केल्याबद्दल मला वाईट वाटलं. परीक्षा नीट चालली होती. एका पोराचंही अडलं नाही. घरचं एक माणूस आधी जेवलं म्हणून कुणाचं ताट रिकामं राहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सून बाहेर आली. डोळे लाल होते, पण पदर नीट केलेला. तिच्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र होतं. ती माझ्या टेबलापाशी आली, पाणी ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, पाणी."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी पाणी प्यालो.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "मिटलं न्हवं दोघांचं?"

"मिटलं असंल."

"काय बोलली?"

"मला काय ठाऊक? मी पाकिटाच्या वरचं बघतो फक्त."

"बरं झालं," ती म्हणाली, "एवढं तरी शिकलासा सांगलीला जाऊन."

मुलगा पुढच्या चौकीवर गेला. माझी ओळ पहिलीच राहिली. मी पोरांना सांगून टाकलं, की एका फोनला मी मोकळीक दिली आहे आणि तो माझ्या सुनेचा आहे. कुणाला गैर वाटत असेल तर बोलावं. कुणाला गैर वाटलं नाही. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "काका, आमचा भाऊ बी तिकडंच हाय. आमाला बी बसवा की पहिल्या पंगतीला." मग त्याचीही ओळ लिहिली. अजून दोघींच्या लिहिल्या. नेट काही आटलं नाही.

सुनेला मी खिडकीजवळची खुर्ची देऊ केली. ती नको म्हणाली. फॅनची सवय झालीय म्हणे.

कित्येक आठवडे पहिल्या ओळीचा आकडा एकाच जागी थांबून होता. दुपार झाली की मी एकदा बघायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो. मग एका दुपारी, मी प्रिंटरमध्ये कागद भरत असताना, सून पुस्तक तसंच उघडं टाकून उठली आणि जवळजवळ पळतच माठाच्या खोलीत गेली. मी पडद्याकडं बघितलं. आकडा हलला होता.

फॅनची घरघर सोडली तर गोदाम शांत होतं आणि आतून तिचं हसणं बाहेर ऐकू यायला लागलं होतं. मी उठलो, दाराजवळच्या फळीपाशी गेलो आणि स्विचवरचा फॅन मोठा केला.